कौलांखालची फट बुजवण्याआधी: घरात पाकोळ्यांना जागा कशी ठेवावी

मे महिन्यात पावसाच्या तोंडावर गोव्यातल्या आमच्या डिचोली भागात घरोघर कौलं परतायची कामं निघतात. दोन वर्षांपूर्वी मिस्त्री वर चढला आणि भिंत व कौल यांच्या मधली बोटभर फट दाखवून म्हणाला, "इथून पाकोळ्या येतात. सिमेंट मारून टाकू?" मी म्हटलं, "मार." त्या संध्याकाळी पाच-सहा पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळं, त्याच कोपऱ्याभोवती घिरट्या घालत राहिल्या. माळ्यावरून चिकचिक ऐकू येत होती, ती तिसऱ्या दिवशी थांबली. पाचव्या दिवशी वास सुटला. आत उडता न येणारी पिल्लं होती.

ही चूक टाळायला एवढंच लक्षात ठेवा: मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत कुठलीही फट बुजवू नका. पाकोळीला एका वेळी एक, फार तर दोन पिल्लं होतात, त्यामुळे एक विणीचा हंगाम गेला की तो भरून यायला वेळ लागतो. फारच अडचण असेल तर काम डिसेंबर-जानेवारीत काढा. तेव्हाही आधी आत पिल्लं नाहीत ना, ते पाहा. मग फटीवर वरून बारीक जाळी सोडा. ती खालून मोकळी ठेवली की आतली पाकोळी सरपटत बाहेर पडते, पण परत शिरू शकत नाही. आठवडाभरानं फट बंद करा.

आमच्याकडे पाकोळी म्हणतात ती किडे खाणारी लहान वटवाघळं. अंगठ्याएवढं अंग, वजन जेमतेम पाच ग्रॅम. काजूच्या बागेत बोंडू चोखून बिया टाकणारी ती फळखाऊ वाघळं वेगळी. त्यांच्याकडे नंतर येतो.

आधी पाहा, कोणी राहतंय का

सकाळी केर काढताना भिंतीच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या दिसल्या, तर एक कागदावर घेऊन काडीनं दाबा. चुरा होऊन त्यात किड्यांच्या पंखांची चमक दिसली, तर पाकोळी. टोकाला पांढरा ठिपका असेल तर पाल. दाबून भुगा न होता कडकच राहिली तर उंदीर, आणि मग हा लेख बाजूला ठेवून पिंजरा लावा.

कौलारू घर असेल तर

काही बांधायला नको, फक्त आहे ते राहू द्या. आढ्याजवळ किंवा वाशांच्या टोकाशी दीड-दोन सेंटिमीटर रुंद आणि वीतभर लांब अशी एखादी फट मोकळी ठेवा. एवढ्यातून पाकोळी सहज जाते, घूस किंवा मांजर जात नाही. पावसात पडवीला निळं प्लास्टिक बांधताना ते फटीवरून ओढू नका. वाशांना वाळवीचं औषध मारायचं असेल, तर जिथे त्या लटकतात तो भाग सोडा. फटीखाली माळ्यावर जुनी ताडपत्री अंथरली की लेंड्या तिच्यावर पडतात.

ती विष्ठा उत्तम खत आहे, पण कोरडी झाडू नका. धुळीतली बुरशी फुप्फुसात जाऊ शकते. नाका-तोंडाला मास्क लावा, आधी पाणी शिंपडा, मग भरा आणि कंपोस्टमध्ये मिसळून माडाच्या आळ्यात घाला.

स्लॅबचं घर असेल तर पेटी

गेल्या काही वर्षांत कौलं उतरवून स्लॅब पडले आणि फटी संपल्या. अशा घराला लाकडी पेटी लावता येते. माझी पहिली पेटी मी परसातल्या आंब्यावर बांधली होती. वर्षभरात तिच्यात तांबड्या मुंग्या आल्या, पाकोळी एकही नाही. झाडावर सावली फार, उडून शिरायला मोकळी वाट नाही, आणि मांजर खोडावरून आरामात वर पोचतं. पेटी भिंतीलाच हवी.

सुताराला हे माप द्या: मागची फळी साधारण ७५ सेंटिमीटर उंच व ३५ रुंद, पुढची ६० उंच, दोन्हींमध्ये अंतर फक्त दोन सेंटिमीटर. म्हणजे पेटी कसली, दोन फळ्यांमधली फटच ती. पक्ष्यांच्या घरट्यासारखं गोल भोक पाडू नका. तळ पूर्ण उघडा ठेवायचा आणि मागच्या फळीचं खाली उरलेलं १५ सेंटिमीटर टोक पाकोळीला उतरायला. आतल्या बाजूंवर करवतीनं सेंटिमीटरभर अंतरानं आडव्या खाचा पाडा, नाहीतर तिच्या नखांना धरायला काही मिळत नाही. सुतार सवयीनं रंधा मारून आतून गुळगुळीत करतो. आमच्यानं केलंच होतं, मग मी खिळ्यानं ओरखडे काढत बसलो.

लाकूड जुनं असलेलं बरं. मोडलेल्या दाराची फणसाची फळी उत्तम. आत रंग, पॉलिश, वार्निश काही नको. वरचे सांधे मात्र पक्के बुजवा, छपराला पुढे उतार द्या. समुद्राची हवा साध्या खिळ्यांना दोन पावसाळे टिकू देत नाही, म्हणून स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. पुढच्या फळीत खालून वीतभर वर एक अरुंद आडवी चीर ठेवली की उन्हाळ्यात वारा खेळतो.

जागा निवडताना पावसाची दिशा पाहा. आपल्याकडे झड नैर्ऋत्येकडून येते, म्हणून पूर्वेची भिंत बरी. सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारची भट्टी टळते. बाहेरून चुन्याचा हात दिला तर आणखी थंड. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर तिच्या खाली पेटी लावू नका. एप्रिलमध्ये तिथे माणूस उभा राहत नाही. उंची चार-पाच मीटर, समोर तारा किंवा फांद्या नकोत. विहिरीच्या तोंडावर, खिडकीवर, गाडी लावता तिथे वर नको. विष्ठा पडणारच.

कधी येतील? सांगता येत नाही. महिन्यात येतील किंवा दुसऱ्या वर्षी. दर आठवड्याला शिडी लावून डोकावू नका, खालून लेंड्या शोधा. दोन वर्षं रिकामी राहिली तर भिंत बदला.

अंगण आणि दिवे

पेटीवर थेट पडणारा बल्ब काढा. शेजाऱ्यांना रात्रभर फ्लडलाइट लावायची हौस असेल तर मात्र कठीण आहे. रातराणी, पारिजात लावले की रात्रीचे पतंग येतात आणि त्यांच्यामागे पाकोळ्या. फवारणीचं औषध टाळा.

पाकोळ्या आल्या की घरातले सगळे डास संपतात असं सांगणारे भेटतील. तसं होत नाही. मच्छरदाणी राहू द्या. डास त्या खातात, पण बारीक भुंगेरे आणि पतंगही खातात. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाशी भातखाचरांभोवती अशा पेट्या लावल्यावर खोडकिडीचा त्रास कमी झालेला आढळला. घरामागे वायंगण, म्हणजे उन्हाळी भातशेती, असेल तर हा फायदा डासांपेक्षा मोठा.

फळखाऊ वाघळं

त्यांना पेटी लागत नाही, झाडं लागतात. परसात भेरली माड (माडासारखंच, लोंबत्या घोसांचं झाड) असेल तर तोडू नका. त्याच्या लोंबत्या घोसात आतल्या काड्या कुरतडून लहान नाकाचं फळखाऊ वटवाघूळ तंबूसारखी जागा करतं. चिकूवर मासेमारीची जुनी जाळी टाकू नका. तिच्यात अडकलेल्याचे पंख फाटतात. त्यापेक्षा हाताला लागतील त्या घडांना पिशव्या बांधा.

निपाहची भीती लोकांना २०१८ मध्ये केरळात साथ आली तेव्हापासून आहे. त्या विषाणूचा नैसर्गिक वाहक मोठी फळखाऊ वाघळं, घरातली पाकोळी नव्हे. तरी उष्टं फळ खाऊ नका आणि सुरेचं, म्हणजे माडीचं, मडकं झाकलेलं असावं.

घरात शिरली तर

आमची आई ओरडायची ते बरोबर होतं: "आदीं पंखो बंद कर!" पाकोळ्या मरतात त्या पंख्याच्या पात्यानं. पंखा बंद, दिवे बंद, खिडक्या उघड्या, आणि सगळ्यांनी खोलीबाहेर. दहा मिनिटांत ती जाते. जमिनीवर पडली असेल तर जाड फडक्यात उचलून खडबडीत भिंतीवर उंच ठेवा. बहुतेकींना जमिनीवरून झेप घेणं जड जातं. उघड्या हातानं कधीच नाही. चावलीच तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. जखमी असेल तर वनखात्याला कळवा. फळखाऊ वाघळं वन्यजीव कायद्यात अनेक वर्षं उंदरांच्या रांगेत उपद्रवी म्हणून होती. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीत निघाली.

आमची बुजवलेली फट मी त्याच डिसेंबरात छिन्नीनं पुन्हा उघडली. पुढचा मे महिना तसाच गेला. यंदा गणपतीच्या आधी पडवी धुताना त्या कोपऱ्याखाली सात लेंड्या मिळाल्या. मी कागद आणि काडी आणायला धावलो, बायकोनं बादली रोखून धरली.