खाडीच्या पाण्यात वापरलेली जुनी फिशिंग रिळे: घरच्या घरी दुरुस्ती आणि सुधारणा

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून नवी मुंबईतील सारसोळे आणि दिवाळ्याच्या जेट्टीपर्यंत, खाडीकाठी हौसेने गळ टाकणाऱ्या अनेकांच्या घरी वडिलांचे किंवा काकांचे एखादे जुने रीळ माळ्यावर पडून असते. हँडल जड झालेले असते, बेल, म्हणजे दोरी स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या चकरीवर) नेणारी उघडझाप होणारी तार, अडकलेली असते आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी ताणाने सुटू देणारा ब्रेक, कितीही सैल केला तरी दोरी झटके देतच सुटते, म्हणून ते निकामी समजले जाते. प्रत्यक्षात अशा बहुतेक रिळांचे गिअर झिजलेले नसतात. आत वाळलेले मीठ, खाडीचा बारीक गाळ आणि घट्ट झालेले जुने ग्रीस यांनी ते अडवून धरलेले असतात. म्हणून दुरुस्ती म्हणजे मुख्यतः मीठ बाहेर काढणे आणि सुधारणा म्हणजे माशाचा ताण ज्या दोन-तीन भागांवर येतो तेवढेच बदलणे, असे मी मानतो.

धातूची चौकट आणि पितळी किंवा काशाचे गिअर असलेले रीळ हाती घेण्याजोगे असते. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १९३२ साली सुरू झालेल्या पेन कंपनीची सेनेटर व स्पिनफिशर ही रिळे, किंवा स्वीडनच्या आबू कंपनीने १९५२ साली आणलेले अँबॅसडर ५००० आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या यांच्यावर घालवलेला वेळ सार्थकी लागतो, कारण त्यांची मूळ रचना अनेक दशके फारशी बदलली नाही आणि पुष्कळ मॉडेलांचे सुटे भाग आजही मिळतात. खोलण्यापूर्वी हँडल सावकाश फिरवून पाहावे. सर्वत्र सारखी खरखर जाणवली तर आत मीठ आणि गाळ आहे. मात्र हँडलच्या प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागीच ठोका बसत असेल, तर मुख्य गिअरचा दात दुखावला आहे असे समजावे. गिअर बदलायची वेळ आलीच, तर मुख्य गिअर आणि त्यात अडकणारे छोटे गिअर, म्हणजे पिनियन, ही जोडी एकत्रच बदलावी, कारण एकमेकांवर घासून बसलेल्या दातांपैकी एक नवा आणि एक जुना ठेवला की आवाज जात नाही आणि नवा दातही लवकर खराब होतो.

हत्यारांमध्ये स्क्रूड्रायव्हरकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. जपानी रिळांचे चौफुली स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात आणि नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांच्यात पुरता बसत नाही. जोर लावताच तो वर उसळतो आणि स्क्रूचे डोके खाऊन टाकतो. जेआयएस टोकांचा संच ऑनलाइन सहज मिळतो आणि तो घेतल्याशिवाय जपानी रिळाला हात लावू नये. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलचा स्क्रू खाऱ्या पाण्याने जखडला असेल, तर मुरणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडून रीळ रात्रभर तसेच ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक काही वेळ स्क्रूच्या डोक्यावर टेकवून मग खाली दाब देत फिरवावे. प्लॅस्टिकच्या किंवा बेकेलाइटच्या बाजूपट्टीजवळ मात्र उष्णतेचा हा उपाय करू नये.

रीळ खोलताना प्रत्येक पायरीवर मोबाइलवर फोटो काढावा आणि निघालेले भाग ताटात ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, ज्या बाजूने निघाले तीच बाजू वर ठेवून मांडावेत. बेलची आणि अँटी-रिव्हर्सची (हँडल उलटे फिरू न देणाऱ्या खटक्याची) स्प्रिंग उडून हरवते, म्हणून ते भाग पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून खोलावेत. कागदासारख्या पातळ शिम वॉशरकडे (भागांमधले अंतर नेमके ठेवणाऱ्या चकत्यांकडे) विशेष लक्ष द्यावे. त्या ग्रीसला चिकटून पुसल्या जातात आणि एखादी जरी परत बसली नाही, तरी गिअरचे दात एकमेकांत हवे तितके खोल बसत नाहीत.

आता आत दिसणाऱ्या रंगांवरून पुढची दिशा ठरते. पितळेवर आणि काशावर हिरवट थर येतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि पोलादावर तांबूस गंज चढतो. हिरव्या थरासाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात केवळ पितळी भाग दहा-पंधरा मिनिटे बुडवावेत, जुन्या टूथब्रशने घासावेत, नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यातून काढून लगेच कोरडे करावेत. ॲल्युमिनियमला व्हिनेगर लावू नये आणि मॅग्नेशियमच्या चौकटीला तर त्याचा थेंबही लागू देऊ नये, कारण हा धातू आम्लाने वेगाने खाल्ला जातो. पांढऱ्या भुकटीसाठी कोमट साबणपाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. पितळी भांड्यांसाठी घरोघरी वापरली जाणारी पीतांबरी बाहेरच्या पितळी कड्यांवर चालेल, पण गिअरवर ती वापरू नये, कारण भुकटीचे कण दातांत अडकून राहतात. जुने ग्रीस काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तम. ॲसिटोनने अनेक प्लॅस्टिके विरघळतात आणि पेट्रोल घरात वापरणे धोक्याचे आहे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ग्रीस काढलेल्या उघड्या पोलादावर एका रात्रीत गंज धरू शकतो, म्हणून जेवढे भाग त्याच बैठकीत पुसून, तेल-ग्रीस लावून संपतील तेवढेच उघडे करावेत.

बेअरिंग धुऊन कोरडे झाल्यावर बोटावर अलगद फिरवून पाहावे. खरखर राहिलीच तर ते बदलावे, आणि त्यासाठी रिळाच्या कंपनीचेच बेअरिंग हवे असे नाही, कारण ही मापे ठरलेली असतात. व्हर्नियर कॅलिपरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजावी: ३ × १० × ४ मिमी म्हणजे ६२३, ५ × ११ × ४ मिमी म्हणजे एमआर ११५ आणि ७ × ११ × ३ मिमी म्हणजे एमआर ११७. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरील बेअरिंगच्या दुकानांत किंवा ऑनलाइन हे क्रमांक सांगून चौकशी करता येते. आकड्याच्या आधी एस असलेले स्टेनलेस बेअरिंग मागावे आणि खाडीच्या पाण्यासाठी, जागा असेल तेथे, झेडझेड या पत्र्याच्या झाकणाऐवजी टूआरएस हे रबरी सील घ्यावे. रबरी सीलमुळे बेअरिंग किंचित जड फिरते. त्यामुळे हलका चारा लांब फेकायच्या बेटकास्टिंग रिळाच्या स्पूलवर झेडझेडच ठेवणे योग्य. सिरॅमिक गोळ्यांच्या महागड्या बेअरिंगवर पैसे घालण्याआधी ड्रॅगचा विचार करावा, असा माझा आग्रह आहे.

जुन्या रिळाला खरा फायदा ड्रॅगच्या सुधारणेने होतो. जुन्या रिळांत फेल्ट, चामडे किंवा फायबरच्या चकत्या असतात. त्या खारे पाणी शोषतात, काळाने कडक होतात आणि दोरी सुटायच्या पहिल्या क्षणी अडतात. जिताडा किंवा तांब गळाला लागल्यावर पहिली धाव कांदळवनाच्या मुळांकडे घेतो आणि नेमक्या त्याच क्षणी अडलेला ड्रॅग दोरी तोडतो. त्यांच्या जागी कार्बन फायबरच्या चकत्या बसवाव्यात. मॉडेलचा क्रमांक सांगितला की अनेक रिळांसाठी तयार संच मिळतो. पत्रा आणून घरी कापण्याच्या भानगडीत पडू नये, कारण कार्बनची धूळ श्वासात जाणे वाईट आणि कापलेली कड ओबडधोबड राहते. धातूच्या आणि कार्बनच्या चकत्या आलटून-पालटून येतात. कान असलेली धातूची चकती खाचेत बसते आणि गोल छिद्राची कार्बनची चकती मोकळी राहते, हा मूळ क्रम फोटोवरून पाहून तसाच ठेवावा. धातूच्या चकत्यांवर चरे पडले असतील तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्या घासाव्यात. कार्बनवर ड्रॅगसाठीचेच ग्रीस, तवा पुसून घेतल्यावर उरणाऱ्या तेलाइतके पातळ लावावे.

कार्बनच्या चकत्यांनी ड्रॅगची कमाल ताकद वाढते, पण रिळाची चौकट, शाफ्ट आणि अँटी-रिव्हर्सचा खटका जुनेच राहतात. म्हणून ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढाच ठेवावा. २० पौंडी दोरी म्हणजे सुमारे ९ किलोची; तिच्यासाठी सव्वादोन ते तीन किलो पुरेत. प्रवासाचे सामान तोलायचा टांगता डिजिटल काटा दोरीला अडकवून सरळ ओढावा आणि दोन आकडे पाहावेत: दोरी सुटू लागतानाचा आणि ती सलग सुटत असतानाचा. या दोहोंत जितका फरक कमी, तितका ड्रॅग चांगला. फरक मोठा असेल तर चकत्या परत काढून स्वच्छ कराव्यात.

बेल असलेल्या, म्हणजे स्पिनिंग, रिळात यानंतर लाइन रोलर, म्हणजे बेलवरची दोरी वळवणारी छोटी चाकी, पाहावा. ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेली) दोरी जुन्या रोलरवर खाच पाडते आणि मग रोलर दोरीला कापतो. कापसाचा बोळा फिरवल्यावर धागे अडकले तर रोलर बदलावा.

जोडणी करताना गिअरच्या दातांना निळे मरीन ग्रीस ब्रशने लावावे. पूर्ण पोकळी भरू नये, दात झाकले जातील एवढेच पुरे. बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्यावा. अँटी-रिव्हर्सचे एकदिशा रोलर बेअरिंग असेल, तर त्याला ग्रीस अजिबात लावू नये, कारण त्याचे रोलर घसरतात आणि मासा ओढत असताना हँडल उलटे फिरते. तेल लावून पुसलेले बोट त्यावरून फिरवले तरी पुरते. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना मात्र मरीन ग्रीस लावावे, म्हणजे तो पुढच्या वेळी सहज निघेल. बाहेरून क्रोम घासून चकचकीत करण्याच्या मी विरोधात आहे. तो थर पातळ असतो आणि एकदा गेला की खालचे पितळ मिठाला उघडे पडते.

शेवटी स्पूलवर आधी थोडे तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी) गुंडाळावे आणि त्यावर ब्रेडेड दोरी घ्यावी, नाहीतर ती गुळगुळीत स्पूलवर घसरून गोल फिरत राहते. खाडीवरून परतल्यावर ड्रॅग घट्ट करून नळाच्या हलक्या धारेखाली रीळ धुवावे, बादलीत बुडवू नये आणि जोराचा फवारा मारू नये, कारण त्याने मीठ आत ढकलले जाते. कोरडे झाल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून, सिलिका जेलची पुडी टाकलेल्या डब्यात ते ठेवावे. नियमित वापर असेल तर वर्षातून एकदा, जून-जुलैच्या पावसात खाडीवर जाणे थांबते तेव्हा, ते पुन्हा उघडावे. हँडलमध्ये खरखर जाणवली तर त्याची वाट न पाहता लगेच उघडावे.