नाशिकला परिषदेला जाताय? खोली ठरवताना 'लिफ्ट आहे का' एवढंच विचारू नका

व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणाऱ्यांनी आधी परिषदेची जागा नकाशावर बघावी. मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या बाजूला, आरोग्य विज्ञान विद्यापीठ दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला, आणि नाशिक रोड स्टेशन या दोन्हींपासून लांब, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. स्टेशनजवळची स्वस्त खोली रोजच्या टॅक्सीत महाग पडते.

हॉटेलला फोन केला की 'हो हो, सगळी सोय आहे' असंच उत्तर येतं. त्यावर विसंबू नका. बाथरूमच्या दाराची रुंदी सेंटिमीटरमध्ये विचारा आणि आपल्या खुर्चीची रुंदी मोजून ताडून बघा. खोलीचं दार रुंद आणि बाथरूमचं अरुंद, हा प्रकार फार. लिफ्टपर्यंत पोहोचायला पायऱ्या आहेत का? उंबरठा? कमोडशेजारी धरायला दांडा? फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा. उतार असेल तर एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी हवी. त्याहून जास्त चढ असेल तर ढकलायला माणूस लागतो.

ही यादी आयोजकांनाही पाठवा, नोंदणी करतानाच. विद्यापीठाच्या अतिथीगृहातली तळमजल्याची खोली बहुधा त्यांच्याच शब्दावर मिळते. व्यासपीठावर चढायची सोयही तेव्हाच विचारून घ्या, पेपर वाचायचा आहे ना!

रेल्वेत दिव्यांगांचा डबा बहुतेकदा गाडीच्या टोकाला असतो, म्हणून न्यायला येणाऱ्याला डब्याची जागा आधी कळवा. आणि 2026-27 च्या सिंहस्थाच्या पर्वणीजवळ तारखा येत असतील तर खोली आजच धरा.