रीफ टँकमध्ये मासे किती ठेवावेत? नवतप्याचा हिशेब धरून

खाऱ्या पाण्याच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवण्याच्या काचेच्या टाकीत, मासे किती ठेवावेत, असे दुकानात विचारले की टँकच्या लिटरवरून एक आकडा सांगितला जातो. दुकानदार खोटे सांगतो असे नाही. पण तो वातानुकूलित दुकानात बसून सांगतो आणि टँक मात्र अकोल्याच्या किंवा ब्रह्मपुरीच्या पुढच्या एखाद्या गावात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आणि भारनियमनात चालवायचा असतो. म्हणून माझ्या मते माशांची संख्या सरासरी दिवसावरून न ठरवता, नवतप्यात, म्हणजे मेअखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वीज गेलेल्या पहाटेवरून ठरवावी.

त्यामागचे कारण प्राणवायूचे आहे. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात त्याच तापमानाला सुमारे ६.७ मिलिग्रॅमच मावतो आणि पाणी ३० अंशांवर गेले की तो ६.२ च्या आसपास येतो. पाणी तापले की माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. त्यातच रात्रभर दिवे बंद असल्यामुळे शेवाळ आणि प्रवाळ प्राणवायू तयार करत नाहीत, उलट तो वापरतात, त्यामुळे पहाटे पाण्यातील साठा सर्वांत कमी असतो. नेमक्या त्या वेळी वीज गेली, तर पंप आणि स्किमर (फेसातून पाण्यातील घाण काढणारे यंत्र) थांबल्यावर जितके मासे तग धरतील, तितकीच त्या टँकची खरी क्षमता समजावी.

प्रथम टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी किती आहे ते काढावे. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच टँक हिशेबाने १९१ लिटरचा भरतो. पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता त्यात दीडशे लिटरच्या आसपासच पाणी राहते. दगड आणि वाळू मांडून झाल्यावर पहिल्यांदा पाणी भरताना वीस लिटरचे कॅन मोजून ओतावेत, म्हणजे अंदाजाची गरज उरत नाही. हे पाणी आरओचेच, समुद्री मीठ मिसळलेले असावे. खारपाणपट्ट्यातील विहिरीचे पाणी आधीच खारट असल्याने मीठ वाचेल, असा विचार मनात येऊ शकतो. परंतु त्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्यासारखे नसते, त्यामुळे ते या कामाला चालत नाही.

त्यानंतर मासा आज केवढा आहे हे न पाहता पूर्ण वाढल्यावर केवढा होईल हे पाहावे. लांबी दुप्पट झाली की वजन जवळपास आठपट होते, आणि खाणे, घाण व श्वास या तिन्हींचा भार लांबीपेक्षा वजनाच्या अधिक जवळून चालतो. दुकानात बोटाएवढा दिसणारा ब्लू टँग तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तीन फुटी टँकमध्ये तो एकही ठेवू नये. दीडशे लिटर पाण्यासाठी माझा हिशेब क्लाऊनफिशची एक जोडी, एक फायरफिश आणि एक लहान गोबी असा आहे. तळाशी राहणारा गोबी आणि मधल्या पाण्यात राहणारा फायरफिश एकमेकांच्या वाटेत सहसा येत नाहीत. निळा डॅमसेल स्वस्त मिळतो खरा, पण तो जागा धरून बसतो आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला हाकलतो. घ्यायचाच असेल तर सर्वांत शेवटी घ्यावा. (कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे किनाऱ्यावरून आणलेले प्रवाळाचे तुकडे दगड म्हणूनही विकत घेऊ नयेत. कृत्रिम दगडावर घाण पचवणारे जीवाणू तितकेच चांगले वाढतात, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो.)

नव्या टँकमध्ये घाणीतून तयार होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर एकेक मासा, आणि क्लाऊनफिश असल्यास एक जोडी, तीन आठवड्यांच्या अंतराने सोडावी. प्रत्येक वेळी पाणी बदलण्याच्या आदल्या दिवशी नायट्रेट (जीवाणूंनी ही घाण पचवल्यावर पाण्यात साठत जाणारा पदार्थ) मोजून वहीत लिहावे. दर आठवड्याला पंधरा टक्के पाणी बदलले, तर साठलेल्या नायट्रेटपैकी पंधरा टक्केच बाहेर जाते. म्हणजे आठवड्याची वाढ २ पीपीएम (लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम) असेल तर आकडा चढत चढत १३ पीपीएमच्या पुढे जाऊन स्थिरावतो. तो दहाच्या आत ठेवायचा असेल, तर आठवड्याची वाढ दीड पीपीएमपेक्षा अधिक होता कामा नये. वाढ त्याहून अधिक दिसली, तर पुढचा मासा घेऊ नये. पाणी अधिक बदलून मार्ग निघतो, पण दीडशे लिटरचे पंधरा टक्के पाणी बदलण्यास आठवड्याला सुमारे आठशे ग्रॅम मीठ लागते आणि ते बाहेरगावाहून मागवावे लागते.

शेवटची परीक्षा एप्रिलच्या अखेरीस, पाणी २९ अंशांच्या आसपास असताना घ्यावी. पहाटे दिवे लागण्यापूर्वी पंप, वेव्हमेकर (टँकमधले पाणी हलते ठेवणारा छोटा पंप) आणि स्किमर बंद करून तासभर टँकसमोर बसावे. कल्ले भराभर हलू लागले किंवा एखादा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागला, तर सर्व यंत्रे लगेच सुरू करावीत आणि एक मासा कमी करण्याचे ठरवावे. इन्व्हर्टरवर केवळ वेव्हमेकर घ्यावा, त्याचे तोंड पृष्ठभागाकडे ठेवावे आणि सेलवर चालणारा एअर पंप हाताशी असू द्यावा. आपल्याकडील कोरड्या हवेत टँकवर लावलेला साधा पंखा पाणी दोन-तीन अंशांनी उतरवतो. मात्र बंद खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होऊन हा परिणाम घटतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी मीठ न घालता आरओचेच पाणी घालावे. नवतप्यात खाणे निम्म्यावर आणावे.

मासे कमी करायचे ठरल्यास ते दुकानात परत देण्याचे किंवा दुसऱ्या टँकवाल्याला देण्याचे काम त्या परीक्षेनंतर लगेच, रात्रीच्या प्रवासात आणि थर्माकोलच्या पेटीतून करावे. नवीन खरेदी दिवाळी ते होळी या काळातच करावी.