मिनी ट्रॅक्टर नेण्यासाठी ट्रॉली कशी निवडावी आणि कशी ओढावी

जालन्याकडच्या मोसंबीच्या बागांत आणि वसमत-हिंगोली पट्ट्यातील हळदीच्या शेतांत 18 ते 28 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आता नवलाचा राहिलेला नाही, आणि ज्याच्याकडे तो आहे त्याला शेजारच्या तालुक्यातूनही भाड्याच्या कामाची बोलावणी येतात. आठ-दहा किलोमीटरच्या आत जायचे असेल तर ट्रॅक्टर चालवत न्यावा, असे माझे मत आहे. एवढ्याशा अंतरासाठी तो ट्रॉलीवर चढवण्या-उतरवण्याचा धोका पत्करण्यात शहाणपण नाही. अंतर त्याहून जास्त असेल तर मात्र डांबरी रस्त्यावर टायरच्या गुट्ट्या झिजतात, दिवसाचा मोठा भाग प्रवासातच जातो आणि वेगाने धावणाऱ्या वाहनांच्या मधोमध हे सावकाश चालणारे यंत्र अडचणीचे ठरते. अशा वेळी ट्रॉलीचा विचार करावा.

पहिला हिशेब वजनाचा करावा. या आकाराचे ट्रॅक्टर साधारण साडेसहाशे किलोपासून एक टनाच्या आसपास भरतात. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो, पण त्यात चाकांत भरलेले पाणी, पुढे लावलेली जादा वजने आणि मागचे अवजार धरलेले नसते. समजा ट्रॅक्टर 800 किलोचा, रोटाव्हेटर 180 किलोचा आणि ट्रॉली स्वतः 700 किलोची आहे, तर ओढायचे वजन 1,680 किलो होते. फवारणीची 200 लिटरची टाकी भरलेली राहिली तर त्यात सरळ 200 किलोची भर पडते, म्हणून टाकी रिकामी करूनच निघावे. अंदाजावर विसंबण्यापेक्षा बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या वजनकाट्यावर एकदा ट्रॅक्टर अवजारासह तोलून घ्यावा आणि आकडा ट्रॉलीच्या दांडीवरच रंगाने लिहून ठेवावा.

आता ट्रॉलीकडे वळू. बहुतेक घरी आधीच एक हायड्रॉलिक ट्रॉली असते आणि तिच्याच हौद्यात मिनी ट्रॅक्टर चढवण्याचा मोह होतो. ती कापूस आणि शेणखतासाठी उत्तम आहे, ट्रॅक्टरसाठी नाही, कारण तिचा तळ जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास असतो. सहा फुटी फळ्या लावून तीन फूट चढणे म्हणजे 30 अंशांचा चढ होतो, आणि त्यावर ट्रॅक्टरचे पुढचे टोक उचलले जाण्याची भीती खरी असते. चढ 17 अंशांच्या आत ठेवायचा तर तीन फुटांसाठी साडेदहा फुटांचा रॅम्प लागतो, दोन फुटांसाठी मात्र सातच फुटांचा पुरतो. त्यामुळे हे काम वारंवार करायचे असेल तर कमी उंचीची, सपाट तळाची, मागे बिजागरीवर उघडणारा रॅम्प असलेली ट्रॉली फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेणे किंवा तयार घेणे हा खर्च मी योग्य मानतो. तळाची लांबी अवजारासह अकरा-बारा फूट आणि रुंदी किमान पाच फूट असावी, रॅम्पवर आडवे लोखंडी बार वेल्ड केलेले असावेत, आणि बांधण्यासाठी चारही कोपऱ्यांत चेसिसला जोडलेल्या जाड कड्या असाव्यात. तळाच्या पत्र्याला जोडलेली कडी झटका बसला की पत्र्यासकट उपटते.

दोन चाकी ट्रॉली मागे घेण्यास सोपी असते, पण तिच्या वजनाचा काही भाग ओढणाऱ्या वाहनाच्या हुकावर येतो. हा भार एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा, म्हणजे वरच्या उदाहरणात 170 ते 250 किलो. तो कमी पडला तर ट्रॉली वेगात शेपटीसारखी हेलकावे खाते. फार झाला तर ओढणाऱ्या वाहनाची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग हाताला सुटल्यासारखे वाटते. मोजण्याची रीत सोपी आहे: आधी ओढणारे वाहन एकटे काट्यावर तोलावे, मग भरलेली ट्रॉली जोडून ट्रॉलीची चाके काट्याबाहेर राहतील अशा बेताने तेच वाहन पुन्हा तोलावे, जो फरक येईल तो हुकावरचा भार. मिनी ट्रॅक्टरचे मागचे टोक जड असते, त्यामुळे तोंड पुढे करून उभा केल्यास त्याची मागची चाके ट्रॉलीच्या एक्सलच्या थोडी मागे असली तरी वजनाचा मध्य एक्सलच्या पुढेच राहतो. योग्य जागा एकदा सापडली की पुढच्या चाकांसमोर तळाला आडवा अँगल वेल्ड करून घ्यावा.

ओढण्यासाठी आपल्याकडे बहुधा 45-50 अश्वशक्तीचा मोठा ट्रॅक्टर असतो आणि तो या कामाला पुरेसा आहे. पिकअप किंवा जीप वापरायची असेल तर त्या वाहनाला किती वजन ओढण्याची परवानगी आहे हे आधी कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे. बंपरला वेल्ड केलेला हूक म्हणजे परवानगी नव्हे.

सर्वांत जोखमीचे काम रस्त्यावर नसते, ते चढवताना असते, आणि त्यातही एक क्षण विशेष धोक्याचा असतो. ट्रॅक्टरची चाके रॅम्प संपवून ट्रॉलीच्या मागच्या कडेवर येतात तेव्हा दोन चाकी ट्रॉलीचे शेपूट खाली दबते आणि दांडी वर उसळते. ट्रॉली वाहनाला जोडलेली नसेल तर ती ट्रॅक्टरसकट मागे उलटू शकते. म्हणून ट्रॉली हुकात अडकवून, पिनेला क्लिप लावून, ओढणाऱ्या वाहनाचा हँडब्रेक ओढून आणि शेपटाखाली दोन्ही बाजूंना भक्कम टेकू देऊनच चढवण्यास सुरुवात करावी. जागा टणक आणि सपाट हवी. काळ्या मातीत पावसानंतर टेकू रुततो आणि रॅम्पची खालची टोके सरकतात, त्यामुळे पावसाळ्यात शेतात न चढवता मुरमाच्या रस्त्यावर येऊनच चढवावे. बांधाला ट्रॉली भिडवून थेट बांधावरून ट्रॅक्टर आत घेण्याची रीत गावोगाव आहे. मुरमाचा जुना बांध असेल तर ती ठीक आहे, पण मातीच्या बांधाची कड एका चाकाखाली ढासळली तर सावरायला वेळ मिळत नाही.

रोटाव्हेटर शक्यतो काढून वेगळा चढवावा. मागे लटकलेले अवजार चढावर पुढचे टोक आणखी हलके करते, म्हणून तो काढता येत नसेल तर पुढे वजने लावावीत आणि अवजार जमिनीला न घासता जितके खाली राहील तितके ठेवावे. लो गियरचा पहिला गियर टाकावा, फोर व्हील ड्राइव्ह असेल तर लावावा आणि रॅम्पवर क्लच दाबू नये, गियर बदलू नये. रॅम्प अर्धा चढल्यावर काही बिघडल्यास ब्रेक दाबून थांबावे आणि सावकाश खाली उतरून पुन्हा सुरुवात करावी. खुणा करणारा एकच माणूस असावा, तो चालकाला समोर दिसेल इतक्या अंतरावर उभा राहावा, आणि रॅम्पच्या बाजूला हात लावायला कोणी येऊ नये. माणसाच्या हाताने ट्रॅक्टर सावरला जात नाही.

वर आल्यावर हँडब्रेक ओढून, गियरमध्ये ठेवून इंजिन बंद करावे, चावी काढावी आणि अवजार तळावर टेकवावे. हायड्रॉलिकवर अधांतरी राहिलेले अवजार वाटेत हळूहळू खाली बसते आणि बांधलेले पट्टे ढिले पडतात. चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र साखळ्या किंवा रॅचेटचे, म्हणजे दांड्याने ताणून घट्ट करायचे, पट्टे लावावेत. एकच लांब दोर चारही बाजूंनी फिरवला तर एका ठिकाणी तुटताच सगळे सुटते. पट्ट्यावरील लेबलवर लिहिलेला सुरक्षित भार पाहूनच तो घ्यावा. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो, त्यामुळे तो या कामाचा नाही. साखळी एक्सलला किंवा चेसिसला बांधावी, स्टिअरिंगच्या रॉडला कधीही नाही, आणि धारदार कडेवरून पट्टा जात असेल तर मध्ये गोणपाटाची घडी घालावी. ट्रॅक्टरवरील छत काढून ठेवावे, कारण ट्रॉलीच्या उंचीवर ते चढले की शिवरस्त्यावर झोळ पडलेल्या विजेच्या तारांपर्यंत पोहोचू शकते.

निघण्यापूर्वी ट्रॉलीचे टायर थंड असताना हवा तपासावी. टायरवर चार आकडी खूण असते. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23व्या आठवड्यात तयार झालेला टायर. एप्रिल-मेच्या उन्हात हवा कमी असलेला जुना टायर तापून फुटतो. हुकाखालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे पिन निसटली तरी दांडी जमिनीत रुतत नाही. मागे लाल दिवे, इंडिकेटर आणि परावर्तक पट्ट्या हव्यातच. उसाच्या हंगामात अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून येणारे वाहन आदळते ते बहुधा हे नसल्यामुळेच.

मोठ्या ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी रस्त्यावर येण्याआधी लावावी. ती उघडी असताना घाईत एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो आणि मागची ट्रॉली त्याला ढकलून आडवी होते. वेग 20-25 किलोमीटरच्या पुढे नेऊ नये. मांजरसुंब्यासारख्या घाटात उतार सुरू होण्याआधीच खालचा गियर टाकावा. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवय ट्रॉली मागे असताना जिवावर बेतते. ट्रॉली हेलकावू लागली तर ब्रेक न दाबता रेस सोडावी, स्टिअरिंग सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. पाच-सहा किलोमीटरवर एकदा थांबून पट्टे, चाकांचे नट आणि पिनेची क्लिप पाहावी, चाकाच्या हबजवळ हात नेऊन पाहावा. हब भाजण्याइतका तापला असेल तर बेअरिंग गेले आहे. समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला प्रवेश नाही, हे मार्ग ठरवतानाच ध्यानात घ्यावे.

ट्रॉलीची आरटीओकडे स्वतंत्र नोंदणी लागते आणि ट्रॅक्टरच्या विम्यात ती आपोआप येत नाही, म्हणून पॉलिसीवर तिची नोंद करून घ्यावी. ट्रॉलीत माणसे बसवू नयेत. अपघात झाल्यास भरपाईचा प्रश्न तिथेच अडतो.

मुक्कामी पोहोचल्यावर पट्टे सोडण्याची घाई करू नये. आधी जागा पाहावी, टेकू द्यावेत, ट्रॉलीच्या चाकांना मागेपुढे ठोकळे लावावेत, आणि चालक जागेवर बसून ब्रेक दाबल्यावरच शेवटचा पट्टा काढावा. ट्रॅक्टर रिव्हर्सच्या लो गियरमध्ये उतरवावा, आणि त्याची चारही चाके जमिनीवर येईपर्यंत ट्रॉलीची पिन काढू नये.