कारगिलचं मॉडेल करताय? आधी रस्ता घ्या

२६ जुलै जवळ आला की शाळेच्या ग्रुपवर मेसेज येतोच, कारगिलचं मॉडेल करून पाठवा. मग घरोघरी थर्माकोलचा डोंगर, वर झेंडा, चार प्लास्टिकचे सैनिक, झालं काम. लढाई नेमकी कशावरून पेटली ते पोराला कळतच नाही. त्यात आपल्या गोव्यातली मुलं हे गोवा मुक्तीच्या डिसेंबर १९६१ मध्ये मिसळतात, कारण दोन्ही मोहिमांचं नाव ऑपरेशन विजयच, तेव्हा बोर्डावर १९९९ ठळक लिहा.

डोंगर नंतर. प्लायवूडवर पुढच्या बाजूला काळ्या पट्टीने श्रीनगर-लेह हायवे काढा, डावीकडे झोजिला खिंड, मधे द्रास, उजवीकडे कारगिल. आता मागे डोंगर उभे करा, आत पेपरचे गोळे आणि वरून चिकणमातीचा पातळ थर, माती गणपतीच्या चित्रशाळेत मागितली तर देतात थोडी, पण जाड लावाल तर या पावसात वाळायची नाही. द्रासच्या डोक्यावर तोलोलिंग शिखर, जरा डावीकडे मागे टायगर हिल, ५,०६२ मीटर. द्रास गावच ३ हजारांच्या वर आहे आणि आपल्याकडचा सगळ्यात उंच डोंगर १,२०० सुद्धा नाही, हे सांगाच.

डोंगरांच्या मागून लाल दोरा, ती १९७२ची भारत-पाकिस्तान नियंत्रण रेषा. पाकिस्तानी घुसखोर दोऱ्याच्या अलीकडे, आपल्या शिखरांवर लावायचे, हिवाळ्यात रिकाम्या ठेवलेल्या चौक्या त्यांनी बळकावल्या होत्या. विमानं पण अलीकडेच टांगा, रेषा ओलांडायची नाही असा हुकूम होता वायुदलाला.

मग मोबाईलचा कॅमेरा तोलोलिंगच्या टोकाला टेकवून खाली फोटो काढा. काळी पट्टी दिसलीच पाहिजे, नाही दिसली तर मधली माती कापा. वर बसलेल्याला खालून जाणारा ट्रक दिसायचा, तोफेचा गोळा नेमका रस्त्यावर पाडता यायचा, आणि लेहचं नि पुढे सियाचीनचं सामान जायचं त्याच रस्त्याने. बाकी शौर्य वगैरे भाषणात येतंच, मॉडेलमध्ये हे दिसायला हवं.

आपल्या बोफोर्स तोफा खाली रस्त्याजवळ, तोंड वर. चिठ्ठ्या तीन पुरेत: १३ जून तोलोलिंग, ४ जुलै टायगर हिल, २६ जुलै शेवट. बटालिक, म्हणजे लढाईचा दुसरा भाग, उजवीकडे वर, जागा उरली तर.

नेताना स्कूटरवर नको हां, प्लास्टिक गुंडाळून कोणाच्या तरी गाडीतून न्या.