अरॅक्नी आणि मी: पुराणकथेतून स्वतःचं चित्र कसं काढावं

माझे वडील येवल्यात पैठणी विणायचे आणि आई रहाटावर कांड्या भरायची. ग्रीक-रोमन पुराणकथेतलं कोणी होऊन स्वतःचं चित्र काढायचं ठरवलं तेव्हा मला सौंदर्यदेवी व्हीनस आठवली नाही, रूपवती हेलनही नाही. आठवली अरॅक्नी. लिडियातली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागातली, विणकर मुलगी, बाप लोकर रंगवणारा. रोमन कवी ओव्हिडने ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्याच्या सहाव्या भागात तिची गोष्ट सांगितलीय, आणि सुरुवातीलाच म्हटलंय की तिचं नाव झालं ते कुळामुळे नाही, गावामुळे नाही, हातातल्या कलेमुळे. तिने मिनर्व्हा देवीशी विणकामाची पैज घेतली आणि देवांनी बायकांना कसं फसवलं तेच कापडावर विणलं. कापडात खोट सापडेना, तेव्हा देवीने ते टराटरा फाडलं आणि धोट्याने, म्हणजे आडवा धागा ओढणाऱ्या निमुळत्या लाकडाने, तिच्या कपाळावर तीन-चार वेळा मारलं. अपमान सोसवेना म्हणून मुलीने गळफास घेतला. देवीने तिला मरू दिलं नाही, कोळी किडा करून टाकलं.

तुम्ही कथा निवडताना पात्राचं रूप बघू नका. त्याच्या हातात काय आहे आणि तुमच्या हातात रोज काय असतं, ते बघा. मुलगी सासरी पाठवलेल्या बाईला डिमीटर, पाताळात नेलेल्या मुलीसाठी झुरणारी ग्रीक देवी, आपोआप जवळची वाटेल. असा एक सांधा सापडला की पुरे.

पहिल्या खेपेला मी चुण्यांचं ग्रीक वस्त्र काढलं, केसांना पट्टी बांधली आणि त्यावर माझा चेहरा बसवला. चेहरा हुबेहूब आला, पण ती बाई मी नव्हते. दुसऱ्या दिवशी घरातली सुती साडी नेसून पुन्हा बसले. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने 1593च्या सुमारास स्वतःला मद्यदेव बॅकस म्हणून रंगवलं, ते चित्र रोमच्या बोर्गेझे गॅलरीत आहे. डोक्यावर वेलीची पानं, हातात द्राक्षं, पण कातडी फिकट हिरवट आणि ओठ निस्तेज. देव झाला तरी आजारपण त्याने लपवलं नाही. वेशापेक्षा हे धरून ठेवा.

सामान थोडंच लागतं: 15 × 22 इंचांचा जाड कागद, चारकोलच्या दोन-तीन कांड्या, एक चारकोल पेन्सिल, मळून मऊ होणारं रबर. दिवा एकच, डाव्या बाजूला. आरसा हातभर अंतरावर. एक डोळा मिटून साबणाच्या कोपऱ्याने आरशावरच आपल्या चेहऱ्याची कडा गिरवून बघा. ती आकृती चेहऱ्याच्या निम्मीच भरते, मागे सरकलात तरी तेवढीच. म्हणून आरशातलं माप कागदावर आणू नका. मी टाळू ते हनुवटी 7 इंच धरले, डोळ्यांची रेघ बरोबर मध्ये, साडेतीनवर.

आता पदर. आरशात दिसतो तसा काढला की बघणाऱ्याला तो उजव्या खांद्यावर दिसतो, म्हणजे गुजराती पद्धतीचा. नाकातली चमकीही बाजू बदलते. दोन आरसे काटकोनात उभे केले की उलट न झालेली प्रतिमा मिळते, पण मधली फट नेमकी नाकावर येते. मी चेहरा एका आरशातून काढला, पदर आणि चमकीची जागा दोन आरशांतून पक्की केली. चित्रात मी येवल्याचीच दिसायला हवी होते.

कपाळापाशी मी बराच वेळ थांबले. धोट्याचा घाव बसला ती जागा आणि आमची टिकली लावायची जागा एकच. मग गोल टिकलीऐवजी धोट्याच्या टोकासारखी लांबट, दोन्हीकडे निमुळती खूण केली. रक्त नाही, जखम नाही. चारकोल पेन्सिलीने एकदाच दाबून काढायची. दुसऱ्यांदा गिरवलं की ती चिकटवल्यासारखी दिसते.

सगळ्यात जास्त वेळ हातांना द्या. ओव्हिडच्या गोष्टीत केस, नाक, कान सगळं गळून पडतं आणि बारीक बोटं कुशीला चिकटून पाय होतात. मी बाकी काहीच बदललं नाही, फक्त बोटं. दोन्ही अंगठे तळव्याआड दुमडले की उरतात आठ बोटं, आणि कोळ्याला पायही आठच. उजवा हात काढण्यात गुंतलेला असतो, तो स्थिर मिळत नाही. पण डावा हात आरशात उजव्यासारखा दिसतो. म्हणून एक हात आरशातून काढा आणि दुसऱ्यासाठी तोच हात थेट डोळ्यांसमोर धरा. मधल्या सांध्यापर्यंत बोट जसंच्या तसं. त्यापुढची प्रत्येक पेरं दीडपट लांब. नखं ठेवा, सांध्यावरच्या सुरकुत्या ठेवा, नाहीतर ती कुणाचीही बोटं होतात. माझ्या तर्जनीवर जरीने पडलेली बारीक रेघ आहे. ती मी रबराच्या कडेने उजेड काढून दाखवली.

मागे आईचा रहाट हवा होता. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझचं सूत कातणाऱ्या बायकांचं चित्र आहे, अरॅक्नीच्याच गोष्टीचं. त्यात चाकाच्या आऱ्या रंगवलेल्याच नाहीत, नुसता फिरता धूसर उजेड आहे. मीही आऱ्या काढल्या नाहीत, सुती फडक्याने गोलाकार पुसून घेतलं.

शेवटी फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल पुसू नये म्हणून मारायचा फवारा. कागदापासून हातभर लांबून, दोन पातळ थर. जवळून मारलं की थेंब उमटतात.

थर मारायच्या आधी चित्र आईला दाखवलं. चेहऱ्याकडे तिने फारसं बघितलं नाही. रहाटापासून बोटांपर्यंत आलेल्या धाग्यावर बोट ठेवून म्हणाली, “हा सैल पडलाय गं, असा असला तर कांडी भरायची नाही.” मी तो झोळ पुसला आणि पट्टी न लावता, श्वास रोखून, रबराच्या धारेने चाकापासून तर्जनीपर्यंत एकच ताठ पांढरी रेघ ओढली.