प्रायोजक शोधताना आधी पैशाचा कप्पा ठरवा

तुमचं मुक्त सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्या कंपन्यांपासून सुरुवात करा. कोडमधले बदल आणि बगच्या तक्रारी कोणत्या कंपनीच्या ईमेलवरून येतात ते तपासलं की दहा-पंधरा नावं सहज निघतात. पत्र त्यांच्या इंजिनिअरिंग प्रमुखाला लिहा. अनोळखी संस्थेचं पत्र सीएसआर विभागात, म्हणजे कंपनीचा सामाजिक कामांवरचा खर्च पाहणाऱ्या विभागात, बहुधा पडून राहतं.

खरी गफलत पुढे होते. लोगो झळकवायच्या बदल्यात मिळणारं प्रायोजकत्व भारतात सीएसआर खर्चात धरता येत नाही. मार्केटिंगचा फायदा देणारं प्रायोजकत्व नियमांनीच वगळलंय. म्हणून परिषदेचा स्टॉल, लोगो यांसाठी मार्केटिंगचं बजेट मागा आणि जीएसटीचा हिशोब सीएकडून आधीच करून घ्या. विद्यार्थी-प्रशिक्षणासारख्या कामासाठी सीएसआर मागायचा तर संस्थेची १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीसाठीच्या), सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठीची) नोंदणी आणि साधारणपणे तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. परदेशी कंपनीची देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेऊच नका.

प्रस्ताव दोन पानांचा पुरे: कोणता घटक, देखभालीचे किती तास, किती रुपये. आणि तो जानेवारीतच पोचवा, कारण एप्रिलपासूनचं बजेट बऱ्याच कंपन्यांत तेव्हाच ठरत असतं.